एकांकिका बसते, पण पडद्यामागचं शिकवणार कोण?

भिवंडी : कॉलेजात एकांकिका बसवायची म्हटलं की प्रत्येकाला भूमिका हवी असते. नेपथ्य, प्रकाशयोजना, ध्वनी हे शेवटच्या दिवशी कसंबसं उरकलं जातं. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं, तिथून मराठी रंगभूमी कशी घडत गेली, तेही मुलांच्या कानावर क्वचितच पडतं.

रीतसर शिकायचं तर मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स कलिन्याला आहे. पण तिथलं पदव्युत्तर शिक्षण म्हणजे आधी पदवी हवी. शिवाय भिवंडीहून ठाण्यापर्यंत बस, पुढे लोकल. तालीम रात्री सुटली तर पडघा, अनगावच्या मुलींनी घर गाठायचं कसं?

वाट जवळच आहे. नव्या शैक्षणिक धोरणात सहअभ्यासक्रम म्हणून नाटकासारख्या कलांनाही क्रेडिट मिळतात. त्यातूनच कॉलेजांना रंगमंच तंत्राचे वर्ग सुरू करता येतील. यंत्रमागाच्या या शहरात वायरिंग, सुतारकाम, शिलाई जाणणारे हात कमी नाहीत. नट सगळेच होणार नाहीत. पण दिवे सांभाळणारा आणि सेट उभारणारा माणूस नाटकाला, मालिकेला, गावच्या जत्रेतल्या कार्यक्रमालाही लागतोच. कॉलेजांनी याचा विचार आताच करायला हवा.