चुकीच्या कराचा धनी कोण?

२२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या व पेन्सिली यांवरील वस्तू व सेवा कर शून्यावर आला. तरीही एखाद्या दुकानदाराने नजरचुकीने जुन्या दराने कर आकारला असल्यास ती रक्कम कोणाची? दुकानदाराची खचितच नव्हे. मुंबई विक्रीकर कायद्यानुसार असा कर सरकारजमा करण्याची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली अजित मिल्सच्या खटल्यात वैध ठरविली. २०१७ च्या केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याचे ७६ वे कलमही, माल करपात्र असो वा नसो, कर म्हणून घेतलेली रक्कम सरकारात भरावयास लावते. परंतु तिचा खरा धनी ग्राहकच होय. त्याला पैसे परत करून ३४ व्या कलमाखाली क्रेडिट नोट काढण्याची व ती रक्कम आपल्या करातून वजा करण्याची मुभा व्यापाऱ्यास आहे. मात्र त्यास मुदत असते. किरकोळ विक्रीच्या पावतीवर गिऱ्हाईकाचे नाव बहुधा नसते, ही अडचण खरी. म्हणूनच दुकानात ठळक फलक लावावा आणि पावती आणील त्याचे पैसे विनातक्रार परत करावेत. गोमंतकातील व्यापारी संघटनांनी हा पायंडा पाडावा व कर खात्याने त्यांस मार्गदर्शन करावे. चार-दोन रुपयांसाठी कोण येणार, असे म्हणून स्वस्थ बसणे सचोटीच्या व्यापारास शोभणारे नाही.