रामजोशीची जात गेली, आमची जाईना

मराठी पडद्यावरचा फाटका कलावंत बघायचाय? 1947 साली राजकमलचा 'लोकशाहीर रामजोशी' आला. जयराम शिलेदार रामजोशी, हंसा वाडकर बया. सोलापूरच्या ब्राह्मणाचा पोरगा तमाशाच्या नादी लागतो, बयेवर जीव जडवतो. घर तुटतं, जात तुटते. आन् थिएटरातला पांढरपेशा डोळे पुसतो.

वसंत देसायांच्या चाली आम्हीपण लूमच्या खडखडाटात गुणगुणतो. भांडण गाण्याशी नाही. भांडण त्या डोळे पुसण्याशी आहे.

दोस्तहो, रामजोशी खरा माणूस, पेशवाईतला. थोरल्या भावानं घराबाहेर काढलं तवा तो गेला कुठं? पंढरपूरला. तिथं संस्कृत शिकला, कीर्तनकार झाला. म्हंजे एक दार लागलं तरी दुसरं उघडं होतंच. आता हे जुळवा. सिनेमा आला त्याच 1947 च्या मे महिन्यात, त्याच पंढरपुरात, अस्पृश्यांना विठोबाचं दार उघडा म्हणून साने गुरुजी उपाशी बसले होते. बामणाची जात गेली तरी त्याला पंढरपूर होतं. आमची जात जातच नव्हती, म्हणून आम्हाला पायरी. चोखोबापासून तीच.

जात टाकली तो हिरो. मग जे जातीनंच फडात ढकलले गेले, ते कोण?

हिवरगावची पवळा महाराच्या घरातली. तिच्या जोडीनं श्रीधर कुलकर्णी बोर्डावर उभा राहिला, पठ्ठे बापूराव झाला. त्याचा झाला त्याग, तिचा धंदा. विठाबाई नारायणगावकर मांगाच्या घरातली. दिवस भरलेले असताना नाचली, पडद्यामागं बाळंत झाली, पुन्हा येऊन नाचली, असं सांगतात. राष्ट्रपतीचं पदक मिळालं. 2002 साली हलाखीतच गेली.

लांब कशाला? मोसमकाठच्या आमच्या नामपुरात बघा. हलगी कुणाच्या गळ्यात आन् सत्काराचा नारळ कुणाच्या हातात?

प्रेमापायी फाटका झालेला शाहीर त्यांनी लिहिला. जन्मानंच फाटक्यांचं आपण लिहायचं. बयेची आई काय खात होती? फड उठल्यावर हलगीवाला कुठं झोपला? बिदागी कुणी मोजली, कुणी खिशात घातली? लिहा. हा सिनेमा लागंल, तवा बघू कोण डोळे पुसतंय.