नववीचा वर्ग, पाचवीचे गणित

आपल्या शिक्षणसंस्थांच्या वार्षिक अहवालांत हल्ली एक ओळ हमखास वाचायला मिळते: 'सर्व वर्ग डिजिटल झाले.' जमातीतल्या दानशूर मंडळींनी पैसे दिले, फळ्याच्या जागी मोठा पडदा आला, उद्घाटनाला पाहुणे आले, फोटो छापून आले. झाले ते चांगलेच. पण त्या पडद्यासमोर बसलेल्या साठ मुलांपैकी किती जणांना समोरचे कळते, हे कोणी विचारत नाही. सर पूर्वी खडूने जे साठ जणांना एकदम सांगत होते, तेच आता पडद्यावरून एकदम सांगितले जाते.

दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने लाखो मुलांच्या हाती लॅपटॉप दिले. तिथल्या ग्रामीण भागातील ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. सव्वा वर्ष उलटल्यावरही मुलांच्या गणितात आणि भाषेत फरक पडलेला दिसला नाही. यंत्र आले, शिकवणे होते तसेच राहिले.

दुसरा अनुभव आपल्याच देशातला, आणि तो माध्यमिक शाळा चालवणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने दिल्लीतील सरकारी शाळांच्या ६१९ मुलांवर हा अभ्यास केला. २०१९ साली तो छापून आला. मुले बहुतेक सहावी ते नववीची. आधी त्यांची चाचणी घेतली, तेव्हा सहावीचे मूल गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे निघाले. नववीपर्यंत हे अंतर साडेचार इयत्तांवर गेले होते. म्हणजे वर्गात नववीचे बीजगणित चालू, आणि बाकावरच्या मुलाला पाचवीचा भागाकार अडलेला.

यातल्या निम्म्या मुलांना चिठ्ठ्या टाकून निवडले आणि शाळेबाहेरच्या केंद्रात रोज दीड तास बसवले. पाऊण तास 'माइंडस्पार्क' नावाच्या संगणक कार्यक्रमावर, पाऊण तास लहान गटात शिक्षकाजवळ. संगणक प्रत्येकाला त्याच्या पातळीचे गणित देई. चूक झाली की ती कशी झाली हे पाहून पुढचे उदाहरण देई. साडेचार महिन्यांत या मुलांची गणितातली प्रगती इतरांच्या सुमारे दुप्पट झाली. वर्गात मागे पडलेल्यांना तुलनेने जास्त फायदा झाला, कारण नेहमीच्या वर्गात त्यांच्या पदरी जवळजवळ काहीच पडत नव्हते.

एक गोष्ट मात्र चटका लावणारी आहे. शाळेच्या गणिताच्या परीक्षेत ही प्रगती दिसलीच नाही. मूल तिसरीवरून पाचवीपर्यंत आले, पण पेपर आठवीचा! गुणपत्रिका पाहून आईबाप म्हणणार, पोराने काही केले नाही. केवळ यंत्र आणून भागत नाही. मूल कुठून कुठे आले हे मोजणारी चाचणीही शाळेकडे हवी.

प्रत्येकाला त्याच्या जागेपासून पुढे नेणे ही काही परदेशातून आलेली नवी कल्पना नाही. मोहल्ल्यातल्या मकतबमध्ये डोकावून पाहा. पंचवीस मुले, एक मौलवीसाहेब. कोणी कायद्यातली अक्षरे ओळखतो आहे, कोणी अम्मा पाऱ्यावर आहे, कोणाचा बारावा सिपारा चालू आहे. प्रत्येकाचा सबक वेगळा. मूल जवळ येऊन वाचून दाखवते. नीट आले तर पुढचा सबक, नाही तर उद्या पुन्हा तोच. मोठी मुलगी धाकट्याचा सबक ऐकते. मकतबमध्ये अर्थ न कळता पाठ करणे होते, छडीही चालते, ते दोष झाकायचे कारण नाही. पण तिथे सगळ्यांना एकदम विसावा सिपारा उघडायला कोणी सांगत नाही. शाळेत मात्र आपण नेमके तेच करतो, आणि त्याला अभ्यासक्रम पूर्ण करणे म्हणतो.

आपल्या मुलांची आणखी एक अडचण आहे. अनेक गावांत उर्दू शाळा चौथी किंवा सातवीपर्यंतच असते, पुढे मराठी हायस्कूल. जी मुलगी त्रिकोणाला 'मुसल्लस' आणि अपूर्णांकाला 'कसर' म्हणत आली, तिला आठवीत गणित येत नाही असा शेरा मिळतो. तिला गणित येत असते, शब्द येत नसतात. बालभारतीचे गणिताचे पुस्तक मराठीत निघते तसे उर्दूतही निघते. धडे तेच, उदाहरणे तीच. दोन्हींच्या पीडीएफ फुकट मिळतात. मोबाइलवर दोन्ही पाने शेजारी उघडून ती बसली तर पंधरा दिवसांत निम्मी भीती जाईल. अर्थात मोबाइल तिच्या हाती आला तर. घरात एकच असेल तर तो भावाकडे असतो आणि बहिणीला रात्री दहानंतर, चार्जिंग संपत आल्यावर मिळतो.

नववीत नापास झालेल्या मुलाला गॅरेज दाखवतात, मुलीचे स्थळ पाहू लागतात. म्हणून पालकसभेत टक्के विचारण्याआधी हे विचारा: माझ्या मुलीचे गणित कोणत्या इयत्तेपर्यंत पक्के आहे? शिक्षकांना सांगता आले नाही, तर जूनमध्ये एक साधी चाचणी घ्यायला सांगा. आणि संस्थाचालकांनी पुढच्या पडद्याचा खर्च थोडा थांबवून शाळा सुटल्यावर एक खोली उघडी ठेवावी. दहा-बारा जुने संगणक, मोहल्ल्यातले दोन पदवीधर तरुण-तरुणी, लहान गट. वेळ मात्र अशी ठेवावी, की मगरिबच्या आत मुली घरी पोचतील. नाही तर खोलीत फक्त मुलगेच दिसतील.