आधी ओल, मग रंग

गणपती गेले की, पाऊस अजून पुरता गेलेला नसतो आणि आमच्या वसईत रंगाच्या दुकानांपुढे गर्दी सुरू होते. दिवाळीच्या आत घर रंगवून झालंच पाहिजे. गिरीज, निर्मळ, नंदाखालकडे नाताळच्या आत. या बाबतीत माझं मत जरा आगाऊ वाटेल असं आहे, ते एकदा लिहूनच टाकतो. म्हणजे नातेवाईकांना जेवायच्या पानावर ऐकवायला नको. पाऊस संपल्या संपल्या तळमजल्याच्या ओल्या भिंतीला प्लास्टिक पेंट लावणं आणि जुन्या सागवानी दाराखिडक्यांना तपकिरी ऑइल पेंट फासणं, हे दोन्ही प्रकार म्हणजे पैसे देऊन घर कुजवणं आहे. आणि ‘प्रोफेशनल’ म्हणवणारे लोक हे राजरोस करतात, वर दहा वर्षांची गॅरंटीही देतात.

हे सगळं डोक्यात यायला निमित्त झालं आमच्या टोरोंटोच्या दादाचं. त्याने घराच्या मागचा लाकडी डेक आणि खालचं बेसमेंट रंगवून घ्यायचं ठरवलं आणि माणूस बोलावला. माणूस आला, खिशातून मोबाईलएवढं यंत्र काढलं, त्याचे दोन काटे लाकडात टोचले आणि म्हणाला, ओलावा वीस टक्के आहे, पंधराच्या खाली आल्याशिवाय मी ब्रश लावणार नाही. मग खाली गेला, बेसमेंटची भिंत बघितली आणि म्हणाला, आधी छपराच्या पन्हळीचा पाइप भिंतीपासून लांब न्या, अंगणाचा उतार बाहेरच्या बाजूला करा, मग मला फोन करा. दादा वैतागला होता. म्हणे, पैसे द्यायला तयार आहे तरी हा काम करत नाही! मी म्हटलं, दादा, हा माणूस इकडे पाठवून दे.

लगेच ‘परदेशातलं सगळं चांगलं’ असा सूर लावतोय असं समजू नका. तिकडेही बेसमेंटच्या भिंतीला आतून ‘वॉटरप्रूफ’ रंग मारून मोकळे होणारे भरपूर आहेत आणि तो रंग तिकडेही फुगतोच. पण मुळात बेसमेंट का असतं ते सांगतो, कारण त्याचा आपल्याशी संबंध आहे. थंड देशात हिवाळ्यात जमिनीतलं पाणी गोठतं. पाणी गोठलं की साधारण नऊ टक्के फुगतं, माती वर उचलली जाते आणि तिच्याबरोबर पायाही. म्हणून पाया गोठण्याच्या रेषेखाली न्यावा लागतो, टोरोंटोकडे जवळजवळ चार फूट. एवढं खणायचंच आहे तर आणखी चार फूट खणून खोलीच का काढू नये, असा सरळ हिशेब. म्हणजे त्या खोलीच्या भिंतींना बाहेरून माती टेकलेली, मातीत बर्फाचं वितळलेलं पाणी. एक मीटर पाणी साचलं की तळाशी दर चौरस मीटरला जवळजवळ एक टन दाब येतो. आता सांगा, आतल्या बाजूने लावलेला कागदाएवढा जाड रंग तो दाब कसा अडवणार? बाहेरून दाबलं तर तो भिंतीला चिकटेल, पण इथे पाणी त्याला भिंतीपासून सोडवायलाच येतंय.

वसईत कोण तळघर बांधतो? कोणीच नाही. पण आपल्याकडे ते खणावं लागत नाही, आपोआप तयार होतं! दर काही वर्षांनी रस्त्यावर नवा थर पडतो, जुना खरवडायची पद्धत नाही. मग काँक्रीट येतं. रस्ता वर चढत जातो आणि घराचं जोतं आहे तिथेच राहतं. आमच्या गल्लीत एके काळी तीन पायऱ्या चढून घरात जायचे, आता काही घरांत एक पायरी उतरून जातात. त्यात दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस, आणि पाणी जिथे पसरायचं त्या सखल जागांवर भराव टाकून उभ्या राहिलेल्या इमारती. २०१८ च्या जुलैत काय झालं ते आठवत असेलच. नालासोपाऱ्याला रूळ बुडाले, गाड्या बंद, वीज नाही, मिठागरातली माणसं पाण्यात अडकलेली, आणि हजारो तळमजल्यांत गुडघ्याएवढं पाणी. आपला तळमजला हेच आपलं बेसमेंट आहे. बर्फ नाही एवढाच फरक.

पाणी ओसरलं की लोकांना वाटतं संपलं. संपत नाही. वीट आणि सिमेंटचा गिलावा यांत केसाहून बारीक वाटा असतात, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं पाणी त्यातून वर चढतं, दोन-तीन फूट सहज. येताना जमिनीतले क्षार घेऊन येतं, आणि खाडीजवळच्या आपल्या मातीत त्यांची काय कमतरता! पाणी भिंतीच्या पृष्ठभागाशी येऊन वाळतं, क्षार तिथेच राहतात, त्यांचे खडे बनतात आणि गिलावा आतून फोडतात. याला आपली आजी ‘लोणा लागला’ म्हणायची. एका शब्दात सगळं शास्त्र. आता या भिंतीवर तुम्ही पुट्टी, प्राइमर आणि प्लास्टिक पेंटचे दोन हात मारले की काय होतं? पाणी थांबत नाही, त्याचं वाळणं थांबतं. मग ते आणखी वर चढतं आणि जिथे रंग कच्चा असेल तिथून फुगे काढतं. गेल्या वर्षी तीन फुटांवर असलेली ओल यंदा चार फुटांवर का गेली, याचं उत्तर बऱ्याच वेळा त्या महागड्या डब्यात असतं.

यावर पुढचा इलाज म्हणून भिंतीवर टाइल्स लावणारेही आहेत. असो. त्यांच्याबद्दल वेगळं लिहावं लागेल.

चुना वेगळा वागतो. चुन्याचा हात वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि पुन्हा दगड बनतो, पण छिद्रं असलेला दगड. भिंतीतलं पाणी त्यातून बाहेर पडतं. क्षार आले तर चुना स्वतः झडतो, वीट वाचवतो. दरवर्षी तो नव्याने लावायचा असतो, हा त्याचा दोष नाही, तेच त्याचं काम आहे. वसईच्या किल्ल्यात जाऊन बघा. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला, त्याच्या आधीची चुन्यातली बांधकामं आहेत तिथे. छपरं गेली, पिंपळ उगवले, पावणेतीनशेहून जास्त पावसाळे झाले, भिंती उभ्या आहेत. त्यावर कोणी इमल्शन मारलं नव्हतं :-)

चुना अंगाला लागतो, कपडे पांढरे होतात, हे कबूल. म्हणून सगळ्या घराला चुनाच लावा असं मी म्हणत नाही. वरच्या मजल्यावर, कोरड्या भिंतीला, हवा तो रंग लावा. पण जमिनीपासून चार फुटांपर्यंतचा सिमेंटचा गिलावा काढून तिथे चुन्याचा करा, बाहेर भिंतीला टेकलेली माती आणि डेब्रिज हटवा, पन्हळीचं पाणी लांब सोडा. आणि त्याहून आधी एक साधी परीक्षा करा, फुकट आहे. फूटभर प्लास्टिकचा चौकोन भिंतीला चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा, दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या मागे पाणी दिसलं तर ओल भिंतीतून येतेय. पुढच्या बाजूला दिसलं तर खोलीतल्याच हवेची वाफ आहे, तिथे खिडकी उघडणं हाच इलाज. हे न करता रंगाचं कोटेशन देणारा माणूस न तपासता औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरसारखा.

आणि महिना! जुन्या विटेच्या भिंतीला वाळायला जाडीच्या दर इंचाला एक महिना असा ढोबळ हिशेब सांगतात. आपल्या उन्हात थोडा कमी धरा. तरी नऊ इंची भिंत सप्टेंबरात भिजलेली आणि ऑक्टोबरात कोरडी, हे शक्यच नाही. रंगाचा महिना फेब्रुवारी-मार्च. तेव्हा रंगारीही मोकळे असतात, भावही माणसासारखे सांगतात. दिवाळीला भिंत झाडा, तोरण लावा, कंदील लावा. लक्ष्मी काही रंगाच्या वासावर येत नाही.

आता लाकूड. इथे तर मला जास्तच राग येतो. आपल्या जुन्या घरांत जे सागवान आहे ते आज विकत घ्यायचं म्हटलं तर घर विकावं लागेल. सागाच्या अंगातच तेल असतं, म्हणून तर त्याच्या चौकटी शंभर-शंभर वर्षं टिकतात. आणि आपण त्याच्यावर काय चढवतो? चॉकलेटी ऑइल पेंट, वर्षानुवर्षांचे थर एकावर एक. टोरोंटोच्या त्या माणसाने डेकवर रंग लावायला साफ नकार दिला, स्टेनच लावीन म्हणाला. कारण सोपं आहे. रंग लाकडावर कातडं धरतो, स्टेन म्हणजे पातळ तेलातला रंग, तो लाकडात मुरतो. तिकडे लाकूड गोठतं आणि वितळतं, आपल्याकडे ते जुलैत फुगतं आणि मार्चमध्ये आक्रसतं. जुलैत दार अडतं आणि शिमग्याला खुळखुळतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. लाकूड हलतं, कातडं हलत नाही. मग ते सांध्यावर तडकतं, तिथून पाणी आत शिरतं आणि बाहेर यायला वाट मिळत नाही. चौकटीचा खालचा वीतभर भाग बोटाने दाबून बघा. वरून रंग तुकतुकीत आणि आत भुसा, अशी कितीतरी घरं आहेत.

कोणी म्हणेल, स्टेन दर दोन-तीन वर्षांनी लावावा लागतो, रंग जास्त टिकतो. खरं आहे. उन्हापासूनही रंग जास्त वाचवतो. पण तेलाचा हात द्यायला घरच्या माणसाला रविवारची दुपार पुरते. धूळ पुसा, काचपेपर फिरवा, फडक्याने लावा, जादा तेल पुसून टाका. काहीही खरवडायचं नाही. उलट तडकलेल्या रंगाखालून सागवान मोकळं करायला आठवडा जातो. घरातल्या आतल्या कामाला, कपाटाला, देव्हाऱ्याला, चपड्याचं पॉलिश सुंदर. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, कापसाच्या पुरचुंडीने हातावर हात. ओरखडा आला तर तेवढाच भाग पुन्हा करता येतो. पण पाणी लागलं की ते पांढरं पडतं, म्हणून पावसाच्या दाराला नाही. (आणि बेलतेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात, थट्टा नाही. दोरीवर पसरून वाळवा.)

आता ज्याच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं ते. जुना रंग खरवडणारा माणूस. नाक्यावरून सकाळी आणलेला, तोंडाला रुमाल बांधलेला, हातात पत्री नाहीतर ब्लो लॅम्प. भारतात घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या खाली ठेवण्याचा नियम २०१६ चा, तो लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या थरांत, विशेषतः जुन्या ऑइल पेंटमध्ये, किती शिसं असेल ते देव जाणे. अमेरिकेत घरगुती रंगात शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, आणि २०१० पासून त्याआधीच्या घरांत पैसे घेऊन असं काम करणाऱ्याला प्रशिक्षण सक्तीचं झालं. आपण ते कोरडं घासतो. ती भुकटी खोलीभर उडते, रांगतं पोर ती बोटाने उचलतं, आणि पोरांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो तो भरून येत नाही. ब्लो लॅम्पने जाळलं तर वाफ थेट छातीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तर रंगाऱ्याचा धंदाच कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पहिल्या गटात टाकलेला आहे, ज्या गटात तंबाखू आहे. त्या माणसाला आपण ‘लवकर उरक, पाहुणे येणारेत’ म्हणतो.

पाण्याने भिजवून घासायचं, खाली प्लास्टिक अंथरायचं, चिंध्या-भुकटी भरून बांधायची, पोरांना आणि गरोदर बाईला तेवढे दिवस दुसरीकडे ठेवायचं, रंगाऱ्याला रुमाल नाही, नीट बसणारा मास्क द्यायचा. खर्च किती? मास्कचे काही शे रुपये आणि एक-दोन जादा रोज. दहा वर्षांच्या गॅरंटीच्या डब्यापुढे काहीच नाही. त्या गॅरंटीबद्दल एकच सांगतो. आमच्या ओळखीच्या एका घरात ठेकेदाराने ती लेखी दिली होती. पोपडे आल्यावर कागद काढून बघितला तर बारीक अक्षरात होतं, ‘भिंतीत ओल असल्यास लागू नाही.’

गिरीजच्या वहिनींचं दार यंदा करायचं आहे. दोन फळ्या, पितळी कड्या, अंगावर निदान पाच-सहा थर रंग. त्यांना नाताळच्या आधी हवं होतं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यावर आणलंय. रंगारी म्हणाला, मास्क लावून काम होत नाही, गुदमरतं. मग ठरलं की दर तासाला दहा मिनिटं बाहेर बसायचं, रोज पूर्ण मिळेल. तो तयार आहे. वहिनींचं म्हणणं एवढंच की तोपर्यंत दार तसंच दिसणार आणि पाहुणे काय म्हणतील. मी म्हटलं, माझं नाव सांगा.