गुरुजी वर्गात का नाहीत, हे आता पालकांनीच विचारावे

गावकरी मंडळी, शाळेत लेकरू असलेल्या आईबापांनो,

आपल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवत नाहीत, असे तुम्ही पारावर बोलता. बोला, पण कोण शिकवू देत नाही, तेही बोला.

द्विशिक्षकी शाळा घ्या. पहिली ते चौथी, चार इयत्ता, दोन शिक्षक. त्यातला एक बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून मतदारयाद्या घेऊन घरोघरी गेला, की दुसरा चारही वर्ग एका खोलीत घेऊन बसतो. चौथीला भागाकार देऊन तो पहिलीकडे वळतो. तिथे एक पोर पाटीवर ‘इ’ उलटी काढत असते. तिचा हात धरून गिरवून घ्यावे, तोच मोबाईल वाजतो. तालुक्याच्या ग्रुपवर लिंक आलेली : माहिती दुपारी दोनपर्यंत, अतितात्काळ. शाळेत रेंज नाही, म्हणून गुरुजी पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभे. चौथीतली पोरे बाकी किती उरली ते एकमेकांच्या वहीत बघून घेतात.

आणि माहिती तरी कसली? आज खिचडी किती जणांनी खाल्ली. अमुक दिन साजरा केल्याचे फोटो. लावलेल्या रोपाचे फोटो, रोपासोबत मुलांचे फोटो. किती जणांचे आधार जुळत नाही. (आधारवर आणि दाखलखारीज रजिस्टरात एका वेलांटीचा फरक पडला, तरी समोर बसलेले मूल पटावर धरायचे की नाही याची पंचाईत.) सांगण्यासारखे काही नसेल, तर ‘निरंक’ असा अहवाल द्यायचा, तोही वेळेत.

कायदा काय म्हणतो? शिक्षणहक्क कायदा, २००९, कलम २७ : दशवार्षिक जनगणना, आपत्तीतील मदतकार्य आणि निवडणुका, एवढी सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक काम लावायचे नाही. यातल्या निवडणुकीचे बोट धरून याद्यांचे काम वर्षभर पुरवले जाते. याद्यांच्या कामाला शिक्षक लावायचे तर सुटीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी लावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितले होते. आम्हा शिक्षकांच्या हाती आदेश पडतो तो भर शाळेच्या दिवशी, आणि खाली कारवाईचा इशारा.

मग व्हायचे ते होते. वर्गात मास्तर दिसत नाही, म्हणून आईबाप पोटाला चिमटा काढून पोराला इंग्रजी माध्यमाच्या व्हॅनमध्ये बसवतात. त्यांना मी दोष देणार नाही. पण पट घसरला की शासनाला लगेच हिशेब सुचतो. सप्टेंबर २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. पुढच्या वर्षी, नेमका शिक्षकदिनाचा मुहूर्त साधून, अशा शाळांतल्या दोन शिक्षकांपैकी एकाच्या जागी कंत्राटी माणूस नेमण्याचा निर्णय काढला. आधी मास्तर वर्गातून उचलायचा, मग पट घसरला म्हणून त्याचे पदच उचलायचे!

शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपयापर्यंत दंड ठेवला होता. आज मूल येऊन बसते आणि मास्तर फिरतीवर असतो. हा दंड कुणाच्या नावावर टाकायचा?

आमच्यातही कामचुकार आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. वर्गापेक्षा पंचायत समितीच्या आवारात रमणारे. त्यांना ही कामे हवीच असतात. कारण शिकवले नाही म्हणून कुणी जाब विचारत नाही, लिंक भरली नाही म्हणून नोटीस येते.

म्हणून मागणी शासनाकडे नाही, तुमच्याकडे आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. सभेला या, कोऱ्या प्रोसिडिंगवर सह्या करून जाऊ नका. समितीची एक वही शाळेत ठेवा : आज कोणता शिक्षक बाहेर गेला, किती तास, कुणाच्या आदेशाने, तो आदेश लेखी होता का. महिन्याच्या महिन्याला तिची नक्कल गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ती वही मोठ्याने वाचून दाखवा आणि कलम २७ पाळण्याचा ठराव मांडा.

पत्रकाखाली नाव नाही. जिल्हा परिषद सेवेचे १९६७ चे वर्तणूक नियम आम्हाला शासनावर जाहीर टीका करू देत नाहीत. तुम्हाला ते नियम लागू नाहीत.

— तुमच्या मुलांचा एक शिक्षक