धरण उशाला, रोग उंबऱ्याला

‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण आपल्याकडे जुनी आहे. पुण्याच्या नैर्ऋत्येस, सिंहगडाच्या वाटेवर असलेल्या काही गावांनी २०२५ च्या प्रारंभी तिचा निराळाच अर्थ अनुभवला. येथे घसा कोरडा नव्हता. खडकवासल्याचे पाणी घरापर्यंत येत होते. पण ते प्यावे तसे शुद्ध होऊन येत नव्हते.

जानेवारी २०२५ मध्ये पुणे परिसरात ‘गुलेन बॅरी सिंड्रोम’ अर्थात जीबीएस या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढू लागले. एरवी क्वचित आढळणारा हा विकार. आधी जुलाब-उलट्या होतात, त्या थांबतात, घरच्यांना हायसे वाटते. आणि एक-दोन आठवड्यांनी पायांतील शक्ती जाऊ लागते. शरीराची प्रतिकारशक्ती जंतूंशी लढता लढता स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. अशक्तपणा पायांकडून वर सरकतो आणि काही रुग्णांना श्वासासाठी यंत्राचा आधार घ्यावा लागतो. पाहता पाहता रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली, काहींना प्राण गमवावे लागले. बहुसंख्य रुग्ण नांदेड, किरकटवाडी, धायरी आणि सिंहगड रस्त्याच्या आसपासचे होते. राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने केलेल्या तपासणीत अनेकांच्या शौचनमुन्यांत ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी’ हा जंतू आणि नोरोव्हायरस आढळले. हे दोन्ही दूषित पाण्यातून व अन्नातून पोटात जाणारे आहेत.

मग सर्वांच्या दृष्टी वळल्या त्या नांदेड गावातील विहिरीकडे. धरणाचे पाणी या विहिरीत यावे, तेथे त्यात क्लोरीन मिसळावे आणि ते थेट नळाला सोडावे, अशी ही व्यवस्था. गाळण्याची, निवळण्याची प्रक्रिया नाहीच. त्याच धरणाचे पाणी पुढे पर्वतीच्या केंद्रात जाते, तेथे ते निवळते, गाळले जाते, निर्जंतुक होते आणि मग पेठांत, सदाशिव-नारायणात पोहोचते. धरणापासून दूर राहणाऱ्यास शुद्ध पाणी आणि धरणाच्या पायथ्याशी राहणाऱ्यास नुसते क्लोरीन टाकलेले पाणी! एकच धरण, एकच महापालिका. मग पाण्याच्या पेल्यात हा भेद का?

याचे उत्तर शहराच्या वाढीत दडलेले आहे. धायरीसह ११ गावे २०१७ मध्ये महापालिकेत आली. नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, खडकवासला यांसह आणखी २३ गावे जून २०२१ मध्ये आली. कागदावर ही गावे एका रात्रीत शहर झाली. इमारती तर त्याच्या आधीपासूनच उभ्या राहत होत्या. पण जलवाहिनी, सांडपाणी आणि दवाखाना एका रात्रीत येत नसतात. त्यातच मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली. साथ आली तेव्हा या गावांना महापालिकेत स्वतःचा असा एकही लोकनियुक्त नगरसेवक नव्हता. ग्रामपंचायत गेली आणि नगरसेवक आला नाही. तक्रार तरी कोणाकडे करावयाची?

आरोग्यातील विषमता म्हणतात ती हीच. ती केवळ गरीब-श्रीमंत अशा ढोबळ रेषेवर चालत नाही. तुम्ही कोणत्या नळाच्या टोकाला राहता, तुमचे म्हणणे कोणाच्या कानी पडते, यावरही ती ठरते. कोविडच्या काळात, २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये, पुण्यातील पाच प्रभागांत रक्ततपासणीचे सर्वेक्षण झाले. सुमारे एकावन्न टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे त्यातून दिसले. पण झोपड्यांत हे प्रमाण साठ टक्क्यांच्या पुढे होते, तर सदनिकांत साधारण तेहतीस टक्के. विषाणू एकच होता. स्वतंत्र स्वच्छतागृह, हवेशीर खोली, अंतर राखण्याइतकी जागा ही ढाल मात्र सर्वांपाशी नव्हती.

या पुण्याला हा विषय नवा आहे काय? अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालील नळांतून शहरात आणले गेले आणि पेठापेठांतील हौदांत खेळविले गेले. नगररचनेचा तो गौरवास्पद नमुना होय. त्याचा अभिमान बाळगताना एक गोष्ट मात्र विसरता येत नाही. पाणी गावात येणे आणि ते प्रत्येकाच्या ओंजळीत पडणे यांत शतकाहून अधिक अंतर राहिले. महात्मा जोतीराव फुले यांना १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्य बांधवांना खुला करावा लागला. ‘करावा लागला’ या शब्दांतच आपल्या समाजाचे वैगुण्य आले. महाडचे चवदार तळे तर त्यानंतर एकोणसाठ वर्षांनी, १९२७ मध्ये. पाण्याने समाज जोडता येतो, तसा तोडताही येतो, हे आपल्या इतिहासाने आपल्याला पुरेसे शिकविले आहे.

याच शहराने १८९७ चा प्लेग पाहिला. रँडच्या कारकिर्दीत सोल्जर घरांत घुसले, देवघरे तुडविली गेली, माणसे ओढून नेण्यात आली. परिणाम काय झाला? लोक रुग्ण लपवू लागले. लोकांना समजावून न सांगता, त्यांचा विश्वास न मिळविता केलेला आरोग्याचा उपाय रोगाइतकाच भयंकर वाटू लागतो, हा त्या वर्षाचा धडा आहे. त्याच वर्षी लोकमान्य टिळक शहर न सोडता पुण्यात राहिले आणि रुग्णालय उभारण्यासाठी झटले. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले हडपसरजवळच्या रुग्णालयात प्लेगच्या रुग्णांची सेवा करीत असता त्याच रोगाने १० मार्च रोजी निवर्तल्या. रुग्णाच्या जवळ जाणारा माणूस आपला असेल, तरच रुग्ण दार उघडतो.

आज आपण ‘आरोग्य प्रबोधन’ म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे काय येते? ‘पाणी उकळून प्या’ असा फलक, एक शिबिर, एक छायाचित्र. २०२५ च्या साथीतही हाच सल्ला सर्वत्र दिला गेला आणि तो योग्यच होता. पण पाच-सहा माणसांच्या कुटुंबाचे पिण्याचे सारे पाणी रोज उकळावयाचे तर सिलिंडर किती दिवस पुरणार, याचा हिशेब फलक लावणाऱ्याने केला होता काय? ज्याच्यापाशी साधन नाही त्यास नुसता सल्ला देणे म्हणजे उपाशी माणसास आहारशास्त्र शिकविणे होय.

याचा अर्थ प्रबोधन व्यर्थ आहे, असा मात्र नव्हे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीने माणसे पटापट मरत होती. शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते पिंपांत भरले आणि पाजण्याचे काम रुग्णांच्या नातलगांवर सोपविले. तीस टक्क्यांच्या आसपास असलेला मृत्युदर चार टक्क्यांच्या खाली आला. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातीलच स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घेण्याचे शिक्षण दिले आणि तेथील बालमृत्यू सुमारे निम्म्यावर आले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने त्याची नोंद घेतली. या दोन्ही ठिकाणी ज्ञानाबरोबर साधन दिले गेले आणि ते परक्याच्या नव्हे, घरच्या हाती दिले गेले. प्रबोधनाचे यश तेथे आहे.

आता एक अप्रिय गोष्ट आपल्याविषयी, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या मध्यमवर्गीयांविषयी बोलली पाहिजे. नळाच्या पाण्याची शंका आली की आपण काय करतो? घरात शुद्धीकरणाचे यंत्र बसवितो, नाही तर वीस लिटरचा जार मागवितो. प्रश्न सुटतो, आपला. ज्याला अर्ज लिहिता येतो, अधिकाऱ्याच्या टेबलापुढे उभे राहून जाब विचारता येतो, तोच रांगेतून बाहेर पडतो. मागे राहतात ती ज्यांची दखल घ्यावी असे कोणास वाटत नाही अशी माणसे. सार्वजनिक नळ मग आणखी दुबळा होतो. आणि ही पळवाट तरी खरी आहे काय? त्याच साथीत काही खासगी जलशुद्धीकरण केंद्रांचे पाणीही पिण्यास अयोग्य आढळले आणि ती बंद करावी लागली. रोगास पेठेची वेस ठाऊक नसते.

मग करावयाचे काय? जलशुद्धीकरण केंद्र उभारणे हे महापालिकेचे काम आहे आणि ते तिच्याकडून करवून घेतलेच पाहिजे. पण त्याला वर्षे लागतात. तोवर प्रत्येक सेवावस्तीत आणि प्रत्येक समाविष्ट गावात करता येण्याजोगी तीन कामे आहेत.

पहिले, पाण्याची चाचणी. ऑर्थोटोलिडिनचे काही थेंब टाकताच पाणी पिवळे झाले तर त्यात क्लोरीन आहे, न झाले तर नाही. ही ‘ओटी’ चाचणी शाळेतील मुलगाही करू शकतो. नळाच्या टोकाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेले असावे, असे भारतीय मानक सांगते. प्रत्येक वस्तीतील शेवटच्या घरी रोज सकाळी ही चाचणी व्हावी आणि तिचा निकाल चौकातील फळ्यावर लिहिला जावा. फळ्यावरचा आकडा अधिकाऱ्यांनाही दिसतो आणि माताभगिनींनाही. पाणी गढूळ असेल तर क्लोरीनचे बळ कमी पडते, हेही त्याच फळ्यापाशी सांगता येईल.

दुसरे, जुलाबाची नोंद. एकाच गल्लीत तीन-चार दिवसांत चार घरी जुलाब झाले, तर ती बातमी त्याच दिवशी महापालिकेच्या दवाखान्यात पोहोचली पाहिजे. पायांतील शक्ती जाण्याआधीची ही सूचना असते. ती वस्तीतील भगिनीइतकी लवकर कोणासच कळत नाही. आशा कार्यकर्त्या आहेत. त्यांच्या पाठीशी आपण उभे राहावे.

तिसरे, उपचाराच्या हक्काची माहिती. जीबीएसवरील इम्युनोग्लोब्युलिनच्या एकेका मात्रेस हजारो रुपये पडतात. साथीच्या काळात शासनाने मोफत उपचारांची घोषणा केली. पण कोणत्या रुग्णालयात जावयाचे, कोणते कागद न्यावयाचे, हे ज्यास ठाऊक नव्हते त्याच्यासाठी ती घोषणा वर्तमानपत्रापुरतीच राहिली असणार. योजनांची माहिती देणे हे औषध देण्याइतकेच मोलाचे काम आहे.

यांपैकी एकाही कामास मोठा निधी लागत नाही. लागतो तो रोजचा अर्धा तास आणि सातत्य. साथ आली की आपण धावून जातो, हे आपले भूषण आहे. पण साथ ओसरल्यावर वर्तमानपत्रातील जागा कमी होते, तशी आपली पावलेही त्या वस्तीकडे कमी वळतात. विहीर मात्र तेथेच असते.

फुल्यांनी आपला हौद खुला केला, त्यास दीड शतक लोटले. आज कायद्याने कोणाचा हात हौदावर अडविता येत नाही. पण आपल्या पेल्यातील पाणी आणि नळाच्या शेवटच्या घरातील पाणी यांत भेद उरला असेल, तर ते काम पुरे झाले, असे म्हणता येईल काय? त्या शेवटच्या घरचे पाणी आपण निःशंकपणे ओंजळीने पिऊ शकू, त्या दिवशी धरण खऱ्या अर्थाने सर्वांच्या उशाशी आले, असे म्हणू.