विश्लेषण : चित्रकलेचा तास मोबाइलवर भागेल का?

शाळेत चित्रकलेचे शिक्षक नाहीत. मग वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लिंक येते आणि ‘हा व्हिडीओ पाहून चित्र काढा’ असा निरोप. अनेक पालकांना हे ओळखीचे वाटेल. जगभरातील संग्रहालये मोबाइलवर मोफत पाहता येत असताना कला शिक्षकाची गरज किती उरते, याचा हा आढावा.

कायदा काय सांगतो?

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टानुसार सहावी ते आठवीत १०० हून अधिक विद्यार्थी असतील, तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक हवेत. पट त्याहून कमी असलेल्या शाळेला हे बंधन नाही. तिथे चित्रकलेचा तास इतर विषयाच्या शिक्षकाकडे जातो. ऑनलाइन साधनांची सर्वाधिक गरज अशाच शाळांना आहे.

मोफत काय मिळते?

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये पावणेचार लाख प्रतिमा कोणत्याही वापरासाठी खुल्या केल्या. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने रेम्ब्रांच्या ‘नाइट वॉच’ची ७१७ गिगापिक्सेलची प्रतिमा २०२२ मध्ये ऑनलाइन ठेवली, तीत रंगाच्या भेगाही दिसतात. भारतातील राष्ट्रीय पातळीवरील संग्रहालयांचा ‘म्युझियम्स ऑफ इंडिया’ हा साठा पुण्याच्या सी-डॅकने तयार केलेल्या ‘जतन’ प्रणालीवर उभा आहे. रंगकामासाठी क्रिटा, अक्षररचना आणि नक्षीसाठी इंकस्केप, भूमितीसाठी जिओजिब्रा ही सॉफ्टवेअर शाळांना विनामूल्य वापरता येतात.

मग अडते कुठे?

पहिली अडचण रंगाची. स्क्रीनवर लाल आणि हिरवा प्रकाश मिसळला की पिवळा दिसतो. कागदावर तेच रंग मिसळले तर तपकिरी, मळकट छटा येते. रंगमिश्रण फक्त स्क्रीनवर शिकलेले मूल कागदावर गोंधळते ते यामुळे. दुसरी अडचण आकाराची. ‘मोनालिसा’ जेमतेम ७७ सेंटिमीटर उंच, तर ‘नाइट वॉच’ सुमारे पावणेचार मीटर. मोबाइलवर दोन्ही तळहाताएवढीच. तिसरी अडचण पाहण्याची. फोटोत वस्तूची खोली आधीच सपाट झालेली असते. समोरचा तांब्या पाहून काढणे आणि त्याचा फोटो पाहून काढणे हे वेगळे सराव आहेत.

परीक्षेचे काय?

कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांत स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असे विषय असतात आणि त्यांचा पाया कागद, पेन्सिल, ब्रश हाच आहे. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीचे वाढीव गुण अवलंबून असल्याने हाताचा सराव नसलेल्या मुलांचे थेट नुकसान होते. खासगी क्लास परवडणाऱ्या घरांत ही उणीव भरून निघते, इतरत्र नाही.

चित्रांच्या हक्कांचे काय?

भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्व हक्क राहतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये निवर्तले, त्यामुळे त्यांच्या चित्रांवरील हा हक्क संपला आहे. एम. एफ. हुसेन यांचे निधन २०११ मधले, म्हणजे त्यांच्या चित्रांवर तो अजून आहे. वर्गात शिकवताना चित्राची प्रत वापरण्यास कायदा मुभा देतो. पण तेच चित्र शाळेच्या यूट्यूब वाहिनीवर टाकताना ही सवलत गृहीत धरू नये.

शाळांनी काय करावे?

चित्र स्क्रीनवर दाखवावे, पण त्याची खरी मापे भिंतीवर खडूने आखावीत. व्हिडीओ कृती समजण्यापुरता वापरावा. सराव समोर ठेवलेल्या वस्तूवरून व्हावा. शेजारच्या दोन-तीन लहान शाळांनी मिळून आठवड्यातून एक दिवस एक कला शिक्षक आणता येईल का, हेही पाहावे. तांब्याची सावली उलट्या बाजूला पडली आहे, हे व्हिडीओ मुलाला सांगत नाही. त्यासाठी त्याच्या वहीत डोकावणारे कुणी तरी लागते, आणि शाळेच्या खर्चात त्या माणसाची तरतूद टॅबच्या आधी व्हायला हवी.